उसाची ट्रॉली आणि मागून बसणारी धडक : सोलापूर जिल्ह्याच्या गाळप हंगामातील एक प्रकरण

उजनी धरणाचे पाणी कालव्याने फिरले तसा माढा, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, करमाळा, मंगळवेढा या तालुक्यांतला ऊस वाढत गेला. आज राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धुराडी पेटली की मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत, रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टायरगाड्या आणि ट्रक रात्रंदिवस धावतात. त्याच महिन्यांत स्थानिक बातम्यांत एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो : रात्रीची वेळ, उसाची ट्रॉली, मागून आलेली मोटार किंवा दुचाकी, जागीच मृत्यू. मरणारा बहुधा घरी परतणारा तरुण असतो, कधी लग्नाहून येणारे अख्खे कुटुंब. हे अपघात टाळता येण्यासारखे आहेत, म्हणूनच ते जास्त जिव्हारी लागतात.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. अपघातांच्या प्रकारांत मागून धडक हा मोठा वाटा उचलणारा प्रकार आहे. देशातल्या साधारण दर पाच अपघातांत एक असा असतो. ऊसपट्ट्यात त्याला स्वतःची ठरलेली कारणे आहेत. ती एकेक सुटी करून पाहिली तर उपाय कुठे लावायचा, हेही कळते.

ट्रॉली दिसत का नाही

आधी हिशेब. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ६५ वर मोटारीचा वेग ताशी ८० ते १०० किलोमीटर असतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी १५ ते २० च्या वर क्वचित जातो. ताशी ८० ने येणाऱ्या चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला अडीच सेकंद लागतात असे धरले आणि कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी ब्रेक लागला, तरी पुढे उभ्या असलेल्या ट्रॉलीआधी थांबायला त्याला सुमारे १०५ मीटर हवेत. ट्रॉली ताशी २० ने चालत असेल तर ७० मीटरांत भागते. मोटारीचा वेग १०० असेल तर हेच आकडे अनुक्रमे १४५ आणि १०५ मीटरांच्या आसपास जातात. समोरून वाहन येत असल्याने दिवे डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेले असले, तर काळपट, मातीने माखलेली, दिवा नसलेली वस्तू ४०-५० मीटरांवर आल्याशिवाय नजरेत भरत नाही. म्हणजे चालक प्यालेला नसला, पेंगत नसला, वेगमर्यादेत असला तरी वेळ त्याच्या हातात उरत नाही. 'चालकाचा निष्काळजीपणा' एवढेच लिहून असा पंचनामा मिटवणे हा मेलेल्या माणसावर अन्याय आहे.

ट्रॉलीला मागे लाल परावर्तक असतात, निदान नवी असताना असतात. पण ऊस भरला की त्याची टोके मागच्या फळक्यावर लोंबतात आणि परावर्तक झाकले जातात. मागच्या दिव्यांची तार ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून पहिल्या ट्रॉलीला आणि तिथून दुसऱ्या ट्रॉलीला जाते. कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्या सोडताना-जोडताना, फडात म्हणजे तोडणीच्या शेतात वळताना ही तार ताणून तुटते. तारेला ढिलाईचा वेटोळा ठेवलेला नसतो, ड्रॉबारवर ती पाइपातून नेलेली नसते. डिसेंबर उजाडेपर्यंत मागच्या ट्रॉलीचा दिवा बहुतेक ठिकाणी बंदच असतो. रिकामी परतणारी ट्रॉली तर आणखी घातक : बुटकी, काळी, खडखडत जरा वेगाने जाणारी आणि मागून जवळजवळ अदृश्य.

वेळेचाही संबंध आहे. तोडणी टोळी पहाटे फडात उतरते, दुपारपर्यंत मोळ्या बांधते, भरणी दुपारनंतर होते. भरलेली खेप रस्त्याला लागते ती दिवस मावळताना. डिसेंबरात सोलापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या वेळी उजेड धड नसतो आणि दिव्यांचाही उपयोग कमी होतो. त्यात कुठे पाचट पेटवलेले असले तर धूर रस्त्यावर पसरतो. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी गेले. तिथे ऊस नव्हता, पण हीच वेळ आणि हाच मोसम होता. कार्तिकी वारी आणि गाळपाची सुरुवात एकमेकांवर येतात, हे नियोजन करणाऱ्यांनी धरूनच चालावे.

धडक बसल्यावर काय होते, तेही पाहिले पाहिजे. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साधारण एक मीटर उंच असतो. मोटारीचे बोनेट त्याच्या खाली शिरते आणि ट्रॉलीची कड थेट काचेवर, माणसांच्या छातीवर-डोक्यावर येते. मोटारीचा पुढचा भाग चेपून धक्का झेलण्यासाठी बनवलेला असतो. इथे त्याला झेलायला काही मिळतच नाही. ट्रकला मागे आडवा संरक्षक दांडा लागतो, जमिनीपासून ५५० मिलिमीटरहून उंच नसलेला. ट्रॉलीला तसा कायमचा दांडा बसवला तर बांध आणि चारी ओलांडताना अडकतो, म्हणून मालक तो कापून टाकतात. बिजागरीचा दांडा, जो फडात वर अडकवता येतो आणि रस्त्यावर खाली सोडून पिन लावता येते, गावातला कोणताही वेल्डर करू शकतो.

दंड आहे, तरी धाक का नाही

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल वाहनाच्या बाजूंच्या, मागच्या-पुढच्या किंवा उंचीच्या मर्यादेबाहेर गेला तर कलम १९४(१अ) खाली २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्चही चालकाकडून घेता येतो. कागदावर यापेक्षा कडक काही नको.

अडचण रस्त्यावर येते. रात्री नऊ वाजता मोहोळच्या पुढे एखादी ट्रॉली थांबवली, तर वीस टन ऊस उतरवायचा कुठे आणि कशाने? तो उचलायची सोय कारखान्यात असते, महामार्गावर नसते. ट्रॉली कडेला लावून ठेवली तर तीच नवा धोका बनते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखर उतारा घटतो. नुकसान शेतकऱ्याचे होते आणि गावात ओरड उठते. त्यामुळे अधिकारी समज देऊन सोडतो, किंवा दंड करून गाडी तशीच पुढे जाऊ देतो. दंड चालकाच्या किंवा वाहनमालकाच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून जातो. कारखान्याला त्याची झळ लागत नाही.

दरवर्षी परावर्तक वाटपाचे कार्यक्रमही होतात, हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटताना किंवा पहिली मोळी टाकताना. हेतू चांगला असतो. पण त्या दिवशी निम्मी वाहने आलेलीच नसतात. बीड आणि इतर जिल्ह्यांतल्या टोळ्यांबरोबरची वाहने नंतर येतात, हंगामात बदलतात. लावलेले साधे 'रेडियम' गंजावर, चिखलावर चिकटवलेले असते. डिझेलचे फडके मारून जागा पुसली की वर तेलकट थर राहतो आणि पट्टी आठ दिवसांत सुटते. उरलेली उसाच्या घासणीने जाते.

इथेच या प्रकरणाचा गाभा आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक ट्रॉलीला प्रत्येक खेपेला दोनदा थांबावेच लागते, अशी जागा एकच : कारखान्याचा वजनकाटा. भरलेली येताना एकदा, गव्हाणीत ऊस टाकून रिकामी जाताना दुसऱ्यांदा. रिकामे वजन झाल्याशिवाय निव्वळ वजन निघत नाही आणि पंधरवड्याचे बिलही होत नाही. पोलीस आणि परिवहन विभाग सगळ्या रस्त्यांवर सगळ्या रात्री उभे राहू शकत नाहीत. काटा मात्र तिन्ही पाळ्यांत चालू असतो.

काट्यावरची तपासणी कशी बसवायची

कारखान्याला दर हंगामाला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. त्याच्या अटींत वाहन सुरक्षिततेची अट घातली आणि ती वाहतूक करारात उतरवली, तर वेगळ्या कायद्याची गरज पडत नाही. मात्र ही अट कळवणारे आयुक्तांचे पत्र ऑगस्टमध्ये निघाले पाहिजे. नोव्हेंबरात निघालेल्या पत्राला त्या हंगामापुरता अर्थ राहत नाही, कारण तोवर वाहनमालकांशी करार आणि उचल वाटप उरकलेले असते.

तपासणी दोन टप्प्यांत करावी. रिकाम्या वजनाच्या वेळी ट्रॉली मोकळी असते, पट्टी-दिवा-तार सगळे दिसते. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी अशी ५० मिलिमीटर रुंदीची, एआयएस-०९० प्रमाणित पट्टी हवी. पट्टीवर प्रमाणनाची खूण छापलेली असते. साध्या रेडियमवर ती नसते, एवढ्यावरून ओळखता येते. एका ट्रॉलीला मागे दोन आडव्या ओळींत मिळून साधारण ५ मीटर लाल आणि दोन्ही बाजूंना मिळून ९ ते १० मीटर पिवळी लागते. लावण्याआधी गंज पॉलिश पेपरने काढायचा, साबणाच्या पाण्याने धुऊन जागा पूर्ण सुकवायची. त्याहून टिकाऊ म्हणजे पट्टी ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर लावून ती फळक्याला रिव्हेट करणे.

पण फळक्यावरची पट्टी ऊस भरल्यावर झाकली जाते, हे वर आलेच. म्हणून दुसरी गोष्ट लागते : लोंबत्या उसाच्याही बाहेर, मागे साखळीने अडकवायची पत्र्याची पाटी. ट्रॉलीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची, खाली-वर लाल पट्टी असलेली. पाटीवर ट्रॉलीचा नंबर पंच करून कोरलेला असावा. नाहीतर एकच पाटी काट्यावर दाखवून पुढच्या गाडीला दिली जाते, आणि पंधरा गाड्यांची तपासणी तीन पाट्यांवर उरकते. भरलेल्या वजनाच्या वेळी बघायचे ते एवढेच : पाटी आहे का, ऊस ट्रॉलीच्या रुंदीबाहेर किती गेला आहे, मोळ्या दोराने आवळल्या आहेत का. रस्त्यावर पडलेली एक मोळी रात्री दुचाकीस्वाराला पुरेशी असते.

याने काटा तुंबेल, हा पहिला आक्षेप येतो. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना धरू आणि खेपेला २० टन. म्हणजे दिवसाला २५० खेपा, सरासरी पावणेसहा मिनिटांना एक. तपासणीला दीड मिनिट लागते. प्रत्येक पाळीला एक माणूस, हातात टॉर्च आणि नोंदीचा मोबाइल. त्याने 'ठीक' नोंदवल्याशिवाय रिकाम्या वजनाची स्लिप छापली जाऊ नये, अशी सोय काट्याच्या संगणकात करायची. दोष निघाला तर गाडी परत पाठवायची नाही. काट्याजवळच पट्टीचे रोल, दिवे, तार आणि एक वायरमन ठेवायचा. दुरुस्ती तिथल्या तिथे, मग स्लिप. वायरमनशिवाय ही योजना आठवड्यात कोसळते. 'दुरुस्त करून आण' सांगितलेला चालक दुसऱ्या खेपेलाही तसाच येतो, आणि उसाची टंचाई असली की त्याला कोणी अडवत नाही.

तार पुन्हा पुन्हा तुटत असेल तर मागच्या ट्रॉलीला स्वतंत्र छोट्या बॅटरीवरचा एलईडी लुकलुकता दिवा द्यावा. चोरी होते म्हणून तो पाटीलाच जोडावा आणि पाटी काट्यावर नोंदवून द्यावी-घ्यावी.

खर्च कोणी करायचा? शेतकऱ्याच्या एफआरपीतून (उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून) तोडणी-वाहतूक खर्च आधीच वजा होतो, चालकाचे उत्पन्न खेपेवर आहे. हा खर्च कारखान्याने उचलावा असे आमचे स्पष्ट मत आहे. पट्टी आणि पाटीची रक्कम वाहतूक खर्चात मिळवून शेतकऱ्याच्या माथी मारायची नाही, ही ओळ परवान्याच्या अटीतच असावी. 'ठीक'ची खूण न बघताच टाकली जाईल, ही भीती खरी आहे. त्यावर परिवहन विभागाने पंधरवड्यातून एकदा, न कळवता, कारखान्यापासून चार-पाच किलोमीटरवर वीस ट्रॉल्या तपासाव्यात आणि निकाल कारखान्याच्या नावाने जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवावा. दोषींची यादी चालकांच्या नावाने निघाली की सगळे मूळ पदावर येते.

उभी ट्रॉली

चालत्या ट्रॉलीपेक्षा उभी जास्त मारते; वरच्या हिशेबात ३५-४० मीटरांचा फरक तिथेच पडला. टायर फुटतो, पाटे तुटतात, हुकाची पिन निघते. राज्य मार्ग आणि जिल्हा मार्गांवर साइडपट्ट्या खचलेल्या असतात, डांबराच्या कडेला वीतभर खड्डा असतो, त्यामुळे चालक ट्रॉली खाली उतरवूच शकत नाही. उतरवली तर ती कलंडते. मग मागे चार दगड आणि उसाची वाढी टाकून तो ट्रॅक्टर सोडून जॅक आणायला जातो. दगड अंधारात दिसत नाहीत आणि ट्रॉली हलल्यावरही रस्त्यात पडून राहतात.

प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर दोन परावर्तक त्रिकोण द्यावेत आणि ते कुठे ठेवायचे ते चालकांना दाखवून शिकवावे : दुपदरी रस्त्यावर एक ५० मीटर मागे, दुसरा १०० मीटर मागे, चौपदरीवर लांबचा १५० मीटर मागे. एक मोठे पाऊल म्हणजे साधारण एक मीटर, हे चालकाच्या लक्षात राहते. वळण किंवा चढाचा माथा असेल तर मागून येणाऱ्याला तो लागण्याआधीच त्रिकोण दिसेल असा. त्रिकोण ठेवायला जाणाऱ्याच्या अंगात परावर्तक जाकीट हवे. कारखान्याकडे रात्रीसाठी एक दुरुस्ती ट्रॅक्टर हवा, ज्यावर हायड्रॉलिक जॅक, चाक, पिना आणि फिरता पिवळा दिवा असेल, आणि त्याचा मोबाइल नंबर प्रत्येक गेटपासवर छापलेला असेल. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला कळवले तर महामार्गाचे गस्ती वाहन येते; बऱ्याच चालकांना हा नंबर माहीतच नसतो. साइडपट्ट्यांचा मुरूम हंगामाआधी, सप्टेंबरात भरून दाबून घेणे हे सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि जिल्हा परिषदेचे काम. पैसे कमी असतील तर कारखान्यापासूनचे पहिले दहा किलोमीटर आधी घ्यावेत, कारण सगळ्या खेपा तिथे एकवटतात.

रात्रीची बंदी

ही मागणी दर मोठ्या अपघातानंतर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षेसाठी ठराविक रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते. पण आकडे मांडून बघा. ५,००० टनांचा कारखाना तासाला दोनशेहून जास्त टन ऊस खातो. रात्री दहा ते सहा बंदी घातली तर सुमारे १,७०० टन, म्हणजे ८५ जोडट्रॉल्या, दहाच्या आत यार्डात उभ्या हव्यात. एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून सुमारे २० मीटर लांब. वावरायची जागा धरली तर तीन एकर तरी यार्ड लागते. नसेल तर रांग गेटबाहेर रस्त्यावर लागते, आणि आपण धोका फडाच्या रस्त्यावरून गेटसमोर आणतो. शिवाय सर्वांत घातक वेळ संध्याकाळी सहा ते रात्री दहा, ती या बंदीत येतच नाही.

त्यामुळे सरसकट बंदी नको. चौपदरीचे ठराविक तुकडे संध्याकाळी सहानंतर ट्रॉल्यांना बंद करून त्यांना समांतर गावरस्त्याने वळवणे शक्य असेल तिथे करावे. आणि गेटबाहेर रस्त्यावर रांग लागल्यास जबाबदारी कारखान्याची, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी हंगामाआधी काढावा. मोबाइलवर टोकन देऊन नंबर जवळ आल्यावरच फडातून गाडी निघाली, तर रांग अर्धी होते आणि चालकाला चार तास झोपही मिळते. रांगेत रात्रभर जागून पुन्हा फडाकडे निघालेला चालक आणि त्याच्या कानाशी मोठ्याने वाजणारे स्पीकर, या दोन्हींवर उपाय करारातच लिहावा.

टेंभुर्णी, मोडनिंब, शेटफळ, मोहोळ या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. ऊस महामार्गाच्या एका अंगाला आणि कारखाना दुसऱ्या अंगाला असला, की पुढच्या वळणापर्यंतचा हेलपाटा वाचवायला ट्रॅक्टर उलट दिशेने येतो. इथे दंडाने फारसे होत नाही. सेवा रस्ता जोडणे, नाहीतर हंगामापुरती नियंत्रित ओलांडणी देणे हाच उपाय. तिथे सौर लुकलुकते दिवे, आडव्या जाड पट्ट्या, वेगमर्यादेचे फलक आणि संध्याकाळी एक माणूस हवा. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत दोष राहिला तर कलम १९८अ खाली संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे समितीच्या इतिवृत्तात एकदा तरी लिहिले जावे.

अपघात झाल्यावर

१०८ ला फोन, आणि जखमीला हलवणाऱ्याला कलम १३४अ चे संरक्षण आहे. त्याला साक्षीसाठी अडकवता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. ट्रॅक्टरचा विमा 'शेतीसाठी' आणि ट्रॉलीचा वेगळा विमाच नाही, अशी स्थिती असली की भरपाईचा दावा वर्षानुवर्षे अडतो. म्हणून करारावेळीच ट्रॅक्टर आणि प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी आणि भाड्याच्या वाहतुकीला चालणारा विमा कारखान्याने तपासून प्रत ठेवावी.

राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरांत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण ठरते. उसाचे अपघात मात्र फड बदलतो तसे जागा बदलतात, त्यामुळे या व्याख्येत ते बसत नाहीत आणि यादीत येत नाहीत. म्हणून पोलिसांनी ई-डारमध्ये (अपघातांच्या संगणकीय नोंदप्रणालीत) अशा प्रत्येक अपघाताबरोबर पाच गोष्टी नोंदवाव्यात : ट्रॉली भरलेली होती की रिकामी, चालती की उभी, मागची पट्टी ऊस भरलेल्या अवस्थेत दिसत होती का, दिवा लागत होता का, आणि गाडी कोणत्या कारखान्याच्या करारावर होती. पट्टी आणि दिव्याचा फोटो ट्रॉली जागेवरून हलवण्याआधी, मागून ५० मीटरांवरून, मोटारीच्या डिपरच्या उजेडात घ्यावा. जूनमध्ये या नोंदी कारखानानिहाय मांडून साखर आयुक्तांकडे पाठवल्या, तर ऑगस्टच्या पत्रात कोणाला कोणती अट घालायची ते ठरवता येईल.